पाणी जेवढे, मासा तेवढा

नातीच्या प्रथम कम्युनियनला आलेल्या भेटींमध्ये जपमाळा होत्या, प्रार्थनापुस्तके होती, पैशांची पाकिटे होती आणि एका नातलगाने मोठ्या हौसेने आणलेले एक वाटोळे काचपात्र होते. त्यात चार लिटर पाणी, तळाशी निळे-तांबडे खडे, प्लास्टिकचे एक झाड आणि फुलासारख्या शेपट्या हलवीत फिरणारे दोन सोनमासे. बाजारात त्यांना सगळे गोल्डफिशच म्हणतात. बाकीच्या भेटींकडे ढुंकूनही न पाहता मुलगी त्या पात्रासमोर बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. सकाळच्या मिस्सेत मिळालेल्या आनंदाला घरात जणू एक हलते-चालते रूप मिळाले होते.

दिवस डिसेंबरचे होते. वसईच्या वाड्यांतून पहाटे बऱ्यापैकी गारठा पडतो. तिसऱ्या दिवशी पाण्यात बोट बुडवून मुलगी म्हणाली, "आजोबा, पाणी किती गार आहे! त्यांना थंडी वाजत असेल." मला ते पटले. मी स्वतः दुकानात गेलो. मासा कोणता, पाणी किती, हे दुकानदाराने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. त्याने पन्नास वॅटचा एक हीटर काढून दिला. ठरावीक तापमानाला आपोआप बंद होण्याची सोय त्यात नाही, हे मला नंतर कळले. संध्याकाळच्या जपमाळेपूर्वी मी तो पाण्यात सोडला आणि दयेचे एक कृत्य पदरी पडल्याच्या समाधानात गुडघे टेकले. जपमाळ झाली, जेवणे झाली. नंतर पाहतो तो एक मासा आडवा तरंगत होता आणि दुसरा पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकीत होता. पाणी आंघोळीच्या पाण्यासारखे कोमट झाले होते.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचे सारे आयुष्य पाचूबंदरच्या होड्यांवर गेले आहे. मुलीचे रडणे ऐकून ते आले, पात्राला हात लावला आणि म्हणाले, "माशाला थंडी वाजत नाही, मास्तर. पाणी जेवढं, मासा तेवढा." ज्या नातलगाने भेट आणली होती त्याने दूरध्वनीवरून सांत्वन केले : "मासाच तर होता. दुसरा आणू. दोन जोड्या घेतल्या की एक फुकट मिळतो." मुलगी मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारीत होती. "आपण तर त्यांच्यावर माया केली ना, आजोबा?"

हा प्रश्न मला वाटला त्याहून अवघड निघाला. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी कित्येक वर्षे शिकवीत आलो की पाप हेतूत असते, हातात नसते. माझा हेतू तर निर्मळ होता. मग रात्री झोप का येईना?

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात अज्ञानाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, जे कितीही प्रामाणिकपणे प्रयत्न केला तरी दूर करता आले नसते. आणि दुसरे, जे दूर करता आले असते पण त्यासाठी आपण तसदी घेतली नाही. पहिल्याने दोष लागत नाही, दुसऱ्याने लागतो. १९९२ साली प्रमाणित झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही ही शिकवण आहे : सत्य व हित शोधण्याची पर्वा ज्याने केली नाही, त्याच्या चुकीचा भार त्याच्याच माथी राहतो. नऊ वर्षांच्या मुलीचे अज्ञान पहिल्या प्रकारचे होते. तिला थंडी वाजत होती, म्हणून माशालाही वाजत असेल असे तिला वाटले. बालकाच्या करुणेला याहून वेगळा रस्ता ठाऊक नसतो. पासष्टी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षकाला मात्र ही सवलत मिळू शकत नाही. एका पुस्तकाने, एका जाणत्याला विचारलेल्या एका प्रश्नाने ते अज्ञान दूर झाले असते. वाणसामानाच्या यादीत मी दहा पैशांचा हिशेब लावतो. दोन जिवांची चौकशी करायला मला वेळ झाला नाही.

ती चौकशी मी नंतर केली आणि तिच्यातून जे हाती आले ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण ह्या विषयात नीती आणि माहिती ह्यांना वेगळे काढताच येत नाही.

सोनमासा हा मूळचा चीनमधील, कार्पच्या कुळातील, थंड पाण्याचा मासा. नदी-तळ्यांत तो करड्या-हिरवट रंगाचा असतो. त्यातून मधूनच एखादा तांबूस-सोनेरी निपजे. असे वेगळे मासे पकडले गेले की चिनी बौद्ध भाविक त्यांना मारीत नसत. विहारांजवळच्या दयेच्या तळ्यांत सोडून देत. तेथे ते वाढले, आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांची निगुतीने पैदास होऊ लागली. बाराव्या शतकात चीनच्या सम्राटाच्या वाड्यात त्यांच्यासाठी खास तळे होते. पुढे ते मातीच्या मोठ्या कुंड्यांत आले, सतराव्या शतकात युरोपात पोहोचले आणि अखेर आपल्या टेबलावरच्या वाटोळ्या काचेत. जो प्राणी दयेपोटी वाचला त्याचा प्रवास तळ्यातून चार लिटरांपर्यंत यावा, ही उतरण मला विचारात पाडते.

ह्या माशाला अठरा ते बावीस अंश सेल्सियस तापमान मानवते. गोठू पाहणाऱ्या तळ्यातही तो हिवाळा काढतो. प्राणवायू संपत आला की त्याच्या स्नायूंत साचणाऱ्या आम्लाचे मद्यार्कात रूपांतर होते आणि ते कल्ल्यांवाटे बाहेर पडते. पाठीचा कणा असलेल्या फारच थोड्या प्राण्यांना निर्मात्याने ही सोय दिली आहे. थंडीची अशी तयारी घेऊन आलेल्या जिवाला मी ऊब द्यायला निघालो होतो. उष्णतेविरुद्ध मात्र त्याच्यापाशी असे शस्त्र नाही. पाणी तापते तसा त्यातील प्राणवायू घटतो : दहा अंशांना एका लिटरात सुमारे अकरा मिलिग्रॅम मावतो, वीस अंशांना नऊ आणि तीस अंशांना साडेसात. उलट माशाच्या शरीराची धग पाण्याबरोबर वाढते, म्हणजे त्याला प्राणवायू अधिक लागू लागतो. एका हाताने घास काढून घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने भूक वाढवायची, असा हा प्रकार. शेजाऱ्यांचे वाक्य मला तेव्हा उलगडले. माशाला आपल्यासारखे स्वतःचे तापमान नसते. पाणी गार तर मासा गार, पाणी तापले तर मासा तापला. त्याला पांघरूण घालता येत नाही. त्याचे पाणी सांभाळावे लागते.

हीटर वाईट असे नव्हे. एंजल, गप्पी, फायटर ह्या उष्ण प्रदेशातील माशांना पंचवीस-सव्वीस अंशांचे पाणी लागते, आणि नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात हीटर नसेल तर ते आजारी पडतात. सोनमाशांनाही जेथे दिवसरात्रीच्या तापमानात मोठी उडी पडते अशा ठिकाणी, कमी अंशावर लावलेला व आपोआप बंद होणारा हीटर उपयोगी पडतो. मुद्दा आहे तो पाण्याच्या मापाचा. पन्नास वॅटचा हीटर चार लिटर पाण्याचे तापमान तासाभरात सात-आठ अंशांनी वाढवतो. तोच हीटर सव्वाशे लिटरांत बुडवला तर तासाला अर्धा अंशही वाढत नाही. मोठे पाणी चुका पोटात घालते. लहान पाणी एकही चूक पोटात घालीत नाही.

आणि येथे टाकीच्या आकाराचा प्रश्न येतो, जो हीटरहून कितीतरी मोठा आहे. मासा आपल्या कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. अमोनिया विषारी आहे, आणि पाणी तापले की अधिकच विषारी होतो. टाकीतील गाळणीत व खड्यांवर हळूहळू काही जिवाणू वसतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. पण ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. आज टाकी आणली, आज पाणी भरले आणि आजच मासे सोडले, की पहिल्या आठवड्यातच ते आपल्याच विष्ठेत गुदमरू लागतात. चार लिटरांत जी घाण जमते तीच ऐंशी लिटरांत एक-विसांश तीव्र असते. जाणकार म्हणूनच सांगतात की एका सोनमाशाला पाऊणशे लिटर पाणी हवे आणि पुढच्या प्रत्येकाला आणखी चाळीस. दोघांसाठी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी धरली तर तीत एकशेतीस लिटर पाणी मावते. भरलेली टाकी दीडशे किलोच्या पुढे जाते, तेव्हा खालचे टेबलही बळकट हवे. वाटोळ्या पात्राची आणखी एक खोड अशी की गळ्यापर्यंत भरले की पाण्याचा उघडा पृष्ठभाग अरुंद होतो, आणि प्राणवायू तर पृष्ठभागातूनच येतो.

"मासा टाकीएवढाच वाढतो," असे दुकानदार सांगतात, आणि ऐकणाऱ्याला ते निसर्गाचे शहाणपण वाटते. शेजाऱ्यांच्या वाक्यासारखेच हे वाक्य आहे, पण अर्थ किती निराळा! मासा टाकीशी जुळवून घेत नाही; साचलेल्या घाणीत त्याची वाढ खुंटते, आणि बहुधा वाढ खुंटण्याच्या पुढचा टप्पा मरणाचा असतो. नीट सांभाळलेला सोनमासा वीतभर, काही जातींत फूटभर वाढतो आणि दहा ते वीस वर्षे जगतो. इंग्लंडमध्ये एक त्रेचाळीस वर्षे जगून १९९९ साली मेला. आपल्याकडे दोन-तीन महिन्यांत मासा मेला तर "आयुष्यच तेवढे" म्हणून आपण मोकळे होतो. इटलीत मोंझा शहराने २००४ साली आणि रोम नगरपालिकेने २००५ साली वाटोळ्या पात्रांवर बंदी घातली. मोंझाच्या नगरपित्यांनी कारण दिले होते की वक्र काचेतून माशाला जगाचे विकृत दर्शन घडते. माशाच्या तत्त्वज्ञानाची एवढी काळजी करण्यापेक्षा त्याच्या पाण्याची केली असती तर कारण अधिक भक्कम झाले असते, असे मला वाटते. बंदी मात्र योग्यच होती.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही तर बोंबील आणि सुरमई आवडीने खाता, शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मासळीचे कालवण करता, आणि एका शोभेच्या माशासाठी एवढा ऊहापोह? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपला समाज समुद्राच्या काठी वाढला. प्रभू येशूचे पहिले शिष्य कोळी होते, आणि पुनरुत्थानानंतर त्याने स्वतः सरोवराच्या काठी विस्तवावर मासे भाजून शिष्यांना न्याहारी दिली. अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यात ख्रिस्तसभा दोष पाहत नाही. पण जाळ्यात आलेल्या पापलेटला कोळ्याने कोणतेही वचन दिलेले नसते. ते पापलेट आपल्या जातीचे सारे आयुष्य आपल्या पाण्यात जगून आलेले असते. भरती-ओहोटी, अन्न, प्राणवायू ह्यांची तजवीज दुसऱ्या कोणी केलेली असते. ज्या क्षणी मी एक मासा घरात आणून काचेमागे ठेवतो त्या क्षणी ती सारी तजवीज माझ्याकडे येते. त्याची भरती मी, ओहोटी मी, पाऊस मी आणि ऋतूही मीच. तो उठून दुसऱ्या डोहात जाऊ शकत नाही. मारून खाण्यापेक्षा पाळण्यात अधिक जबाबदारी आहे, हे विधान विचित्र वाटेल. पण मी बराच विचार करूनही मला त्यातून सुटका सापडली नाही.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाकडे ह्या निमित्ताने मी पुन्हा वळलो. माणसाला सृष्टीवर सत्ता दिली ते वचन आपल्याला तोंडपाठ असते. त्याच्या काही ओळी आधीची एक गोष्ट मात्र इतकी वर्षे माझ्या नजरेतून निसटली होती. पवित्र शास्त्रातील पहिला आशीर्वाद माणसाला मिळालेला नाही. तो पाचव्या दिवशी जळचरांना व पाखरांना मिळाला : त्यांनी वाढावे आणि समुद्राचे पाणी भरून टाकावे. माणूस सहाव्या दिवशी आला, तेव्हा मासे आधीच आशीर्वादित होते. आणि दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करायला. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात ही दोन वचने एकत्र वाचायला सांगितले आणि सत्तेचा अर्थ मनमानी असा घेणे चूक आहे हे स्पष्ट केले.

नातलगाच्या त्या फुकट माशाने मला शुभवर्तमानातली चिमण्यांची आठवण करून दिली. मत्तयकृत शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या विकल्या जातात. लूककृत शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. हिशेब केला तर पाचवी चिमणी फुकटची आहे, वजनाला घातलेली. जिला बाजारात किंमतच नाही तिचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू सांगतो. त्याचा रोख शिष्यांना धीर देण्याकडे होता, पक्षिपालनाकडे नव्हे, हे मी जाणतो. तरीही ज्या पित्याला पाचव्या चिमणीची नोंद ठेवावीशी वाटते, त्याच्यापुढे "मासाच तर होता" हे वाक्य मला उच्चारवेना.

माशाला दुःख होते का, ह्यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. २००३ साली ब्रिटनमध्ये ट्राउट माशांवर झालेल्या अभ्यासात त्यांच्या तोंडाशी वेदना टिपणारे ज्ञानतंतू सापडले. ओठांत दाहक द्रव्य टोचल्यावर त्या माशांनी काही तास अन्नाकडे पाठ फिरवली. काही जण म्हणतात, ही केवळ शरीराची प्रतिक्रिया आहे, जाणीव नव्हे. नीतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत शिकाऱ्याचे एक उदाहरण असते : झुडपात हालचाल झाली, हरिण आहे की माणूस हे कळत नाही, तर बाण सोडू नये. मासा म्हणजे माणूस नव्हे. पण शंका असताना तिचा फायदा कोणाला द्यावा ह्याची दिशा त्या उदाहरणातून कळते.

एक आक्षेप मात्र मला सर्वांत जड गेला, आणि तो धर्मशिक्षणग्रंथातच आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे सांगून ग्रंथ लगेच पुढे म्हणतो की जो पैसा आधी माणसांचे दैन्य निवारण्यासाठी खर्चायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अनुचित आहे. तीन फुटांची टाकी, गाळणी, पंप, झाकण, दिवा ह्यांचा खर्च काही हजारांवर जातो. दर आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलायचे म्हणजे तीस-पस्तीस लिटर. आमच्याच तालुक्यात बायका टँकरच्या रांगेत उभ्या राहतात. त्या रांगेसमोरून माशासाठी पाण्याची बादली नेताना मान ताठ राहील का?

ह्या प्रश्नाला मी पळवाट काढू इच्छित नाही. मोठी टाकी परवडत नाही म्हणून लहान घेतली, हे उत्तर होऊ शकत नाही. कारण गरिबाचे पैसे वाचले असे त्यात दिसते, पण माशाचे जिणे त्यातून जाते आणि वाचलेले पैसे गरिबाला पोहोचतच नाहीत. जे प्रामाणिकपणे परवडत नाही ते आणू नये. माशांवर खरी माया असलेल्या पुष्कळ घरांनी मासे न पाळणे हेच उचित ठरेल, आणि मुलांना पाचूबंदरच्या किनाऱ्यावर नेऊन समुद्र दाखवावा. विशेषतः कम्युनियनला, वाढदिवसाला किंवा नाताळला जिवंत प्राणी भेट म्हणून देण्याची प्रथा आपल्या धर्मग्रामांतून जायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. भेट देणारा पाच मिनिटांत मोकळा होतो आणि घेणाऱ्याच्या गळ्यात, त्याला न विचारता, पंधरा-वीस वर्षांचे कर्तव्य पडते.

आमच्या बाबतीत मात्र मासा आलेला होता आणि वाचलेला होता. परत द्यावा तर तो पुन्हा दुकानातल्या गर्दीत जाणार. तळ्यात सोडावा तर तेथल्या देशी माशांना त्याचा उपद्रव. मी नवे घड्याळ घेण्याचे ठरवले होते, ते रद्द केले. टाकी आली. ती तयार होईपर्यंत सहा आठवडे तो मासा अंगणातल्या पन्नास लिटरच्या टबात राहिला; त्याचे पाणी मुलगी आणि मी एक दिवसाआड बदलत होतो. नळाचे पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडे ठेवायचे, म्हणजे क्लोरीन उडून जातो, हे आता तिला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. टाकीतून काढलेले पाणी केळींना आणि मोगऱ्याला जाते. त्यातले नायट्रेट त्यांना खतासारखे लागू पडते. रांगेच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे, एवढे मी स्वतःला सांगत असतो. वर्षाकाठी टाकीवर जेवढा खर्च होतो तेवढीच रक्कम धर्मग्रामाच्या संत व्हिन्सेंट दी पॉल संघाच्या पेटीत टाकायची, असे आम्ही घरात ठरवले आहे. पहिल्या वर्षी ते जमले. दुसऱ्या वर्षी अर्धेच जमले.

हीटर कपाटात पडून आहे. मे महिन्यात मात्र खरी परीक्षा असते. दुपारी पाण्याचा पारा एकतीस अंशांवर जातो. तेव्हा आम्ही दिवा बंद करतो, झाकण काढतो, हवेचा पंप वाढवतो आणि पाण्यावर वारा येईल असा टेबलपंखा लावतो. एवढ्याने एखाद-दुसरा अंश उतरतो. परवा अशाच एका दुपारी मुलगी अभ्यास टाकून टाकीपाशी आली. घामाने तिचा सदरा पाठीला चिकटला होता. "आजोबा," ती म्हणाली, "मला एवढं उकडतंय, त्यालाही उकडत असेल का?"

मी उत्तर दिले नाही. थर्मामीटर काय सांगतो ते आधी पाहायला सांगितले.